वेटिंग रूममधले काकाजी

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो... म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव यायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंगात येणं, भानामती असल्या गोष्टींवर वर्गात हसणारा माणूस. आजही विश्वास बसलाय असं नाही, फक्त हसणं बंद झालंय.

आमचं गाव नवेगाव बांधहून केशोरीकडे जाताना लागतं. तलाव आमच्याच वाडवडिलांनी बांधलेला. त्याच्या तुडुमाची — म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दगडी तोंडाची — दुरुस्ती करायची होती. रविवारी दुपारी समाजमंदिरात मीटिंग. बाहेरगावच्या तिघांना ऑनलाइन, फक्त आवाजावर, जोडायचं काम माझ्याकडे होतं. एक पुण्याचा, एक रायपूरचा आणि नागपूरला मुलीकडे अंथरुणावर असलेले माझे काकाजी. चाळीस वर्षं तलावाचं पाणी त्यांनीच सोडलं होतं.

नेटवर्क फक्त खिडकीत, म्हणून लॅपटॉप खिडकीत. त्याला मंडपवाल्याचा स्पीकर, मधे पालथ्या डब्यावर माईक. ठराव मलाच लिहायचा होता, म्हणून रेकॉर्डिंगही चालू केलं.

"मी काय म्हणतो, ऐका..." काकाजींनी सुरुवात केली आणि त्यांना ढास लागली. मागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. आमचा स्पीकर शिट्ट्या मारायला लागला.

"मास्तर, आधी ते इंजन बंद करा न!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मला लाज वाटली... काकाजींची. मी त्यांना वेटिंग रूममध्ये टाकलं. तिथल्या माणसाला आपलं ऐकू येत नाही, आपल्याला त्याचं नाही. दोनच मिनिटं, म्हटलं. मग खोदायचं मशीन कुठून लावायचं यावर वाद पेटला आणि मी त्यांना विसरलो. हो, विसरलो.

तीन आठवड्यांनी काकाजी गेले. तेरवीला काकू गावी आल्या. येईल त्याला सांगत होत्या, "त्या दिवशी हे बोलाले लागले न, तं अख्खं गाव चूप! फोन कानाले लावून सप्पा बोलले, मनातलं सगळं. किती समाधान होतं त्याईच्या तोंडावर!"

मी खाली मान घालून पंगतीत वाढत राहिलो.

ठराव लिहायचा राहूनच गेला होता. चार दिवसांनी, शाळा सुटल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत रेकॉर्डिंग लावलं. 'इंजन बंद करा'पर्यंत सगळं आठवत होतं तसंच. मग हशा थांबला. आणि शांतता... समाजमंदिरातल्या पंख्याची कटकट तेवढी. त्या शांततेत काकाजी बोलत होते. ढास नाही, घरघर नाही.

"आंब्याच्या बाजूनं मशीन लावू नोका. तिथली माती भरावाची हाये, पाळ खचन. वडाच्या बाजूनं खोदा."

सवयीने मी वहीत उतरवत होतो. शेवटी म्हणाले, "ऐकलं न सप्पाईनं? मंग झालं."

मी पुन्हा लावलं. त्या जागी आमचा वाद! पुण्याचा ओरडतोय, रायपूरवाला हिंदीत समजावतोय. काकाजी नाहीत. कितीतरी वेळा लावलं... नाहीत. मन अपराधी होतं, भास झाला असेल, हे मीच मला सांगून पाहिलं. पण वहीत माझं अक्षर होतं. आणि आंब्याखालच्या मातीचं मला काय माहीत? नंतर मजुरांनी तिथे थोडं खणून पाहिलं, तर भरावच निघाला. मशीन वडाच्या बाजूने लागलं. खुलासा मात्र आजही माझ्याकडे नाही.

पण हे खणणं व्हायच्या आधी, रेकॉर्डिंग ऐकलं त्याच संध्याकाळी मी वही घेऊन काकूंकडे गेलो होतो. त्या ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मी वाचून दाखवलं.

"हेच तं बोलले होते. मी बाजूलेच बसली होती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "पण मले काऊन वाचून दाखवून राहिला, बाबू? तू तं तिथंच होता न?"

गप्प राहिलो असतो तर त्यांचं समाधान तसंच राहिलं असतं. पण त्या आवाजानंतर मला गप्प राहवेना.

"मी होतो, काकू. पण त्याईचं कोणीच ऐकलं नाही. लोक हासले, मले लाज वाटली, अन् मीच त्याईले बाहेर काढलं. ते एकटेच बोलत होते."

सूप थांबलं.

"चुकलो मी, काकू. मले माफ कर."