साठीनंतर मातृभाषा शिकणारा माणूस

आमच्या ऑफिसातल्या युक्रेनी गृहस्थांना ‘रशियन’ म्हणून सुखरूप घरी पोचलेला माणूस अख्ख्या कुवेतमध्ये सापडणार नाही. साठी उलटलेली, उंची दाराच्या चौकटीएवढी, आवाज खर्जातला. काम पाइपलाइनींचा गंज तपासायचं. पण खरा व्यवसाय आपला देश वेगळा आहे हे जगाला पटवून देण्याचा. धुळीचं वादळ होऊन गेल्यावर एकदा मी त्यांच्याबरोबर राई भागातल्या एका गॅरेजमध्ये टायर बदलायला गेलो होतो. तिथला पंजाबी मेकॅनिक कौतुकानं म्हणाला, “आइए, रशियन साब!” झालं. गृहस्थांनी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं नकाशा काढला. ही नदी, हा काळा समुद्र, ही कोझाक घोडेस्वारांची छावणी. “आणि हे क्यीव. इथं आमचे राजे नांदत होते तेव्हा मॉस्कोत नुसती झाडं होती!” मग झार आला, त्यानं भाषेतली पुस्तकं बंद केली, मग क्रांती, चार दिवसांचं स्वराज्य, पुन्हा मॉस्को. टायर केव्हाच बसले होते. मेकॅनिकनं सगळं निमूट ऐकून विचारलं, “साब, गाडी धोनी है?” तर गृहस्थ म्हणाले, “खबरदार!” आणि युक्रेन बॉनेटवर घेऊनच आम्ही परतलो.

या माणसाबरोबर जेवायला बसणं म्हणजे परीक्षाच. ताटात खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडा टाकून उठायची सोय नव्हती. उठलात, तर ते तो उचलून शांतपणे स्वतः खात. टेबलावरचा चुराही तळहातावर गोळा करून तोंडात टाकत. ऑफिसातली पोरंसोरं हसायची, मीही हसायचो. एकदा त्यांनी कारण सांगितलं. त्यांची आजी पंधरा-सोळा वर्षांची असताना मॉस्कोच्या हुकमानं गावातलं धान्य उचलून नेलं होतं. पेरणीचं बी नेलं, चुलीवरचं भांडंसुद्धा उपडं करून पाहिलं. शेतं पिकली होती आणि माणसं भुकेनं मेली. “आजीची तीन भावंडं,” ते म्हणाले, “आणि कितीतरी वर्षं आमच्या घरात ही गोष्ट मोठ्यानं सांगायचीसुद्धा चोरी होती.” आमच्या विभागाचे वयस्क कुवेती साहेब शेजारी बसले होते. ते म्हणाले, “नव्वद साली आमचाही शेजारी एका पहाटे रणगाडे घेऊन आला आणि म्हणाला, तुमचा देश नाहीच, तुम्ही आमचाच तुकडा.” मग त्यांनी आपल्या ताटातला उरलेला खुबूस उचलला आणि खाल्ला.

आता यातली गंमत अशी, की गृहस्थांना स्वतःला युक्रेनी धड येत नव्हतं! ते खार्कीवचे. घरात, शाळेत, नोकरीत सगळीकडे रशियन. आई तर रशियनची निवृत्त शिक्षिका. युद्ध पेटलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यापुढे आईशी बोलायचं ते युक्रेनीतूनच. रोज दुपारी गाडीत बसून ते व्हिडिओ कॉल लावत आणि अडखळत, घाम पुसत बोलत. पंच्याऐंशीची म्हातारी ऐकून घेई आणि खणखणीत रशियनमध्ये उत्तर देई. “फार हट्टी आहे,” ते कळवळून सांगत. “घरही सोडत नाही आणि भाषाही सोडत नाही.” आमच्याकडे जेवायला आले असताना माझी मुलगी मला प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देत होती. ते तिला रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी हसून आपल्या ताटातला पापड तिच्यापुढे केला.

मग एका सकाळी बातमी आली, की आईच्या वस्तीवर बॉम्ब पडले. फोन लागेना. गृहस्थ टेबलाशी बसून होते. मी चहा ठेवला तो तसाच निवला. दुपारी फोन वाजला. ते ‘हॅलो’ म्हणाले आणि नुसतेच ऐकत राहिले.

“काय म्हणाल्या आई?” मी विचारलं.

“खिडक्या गेल्या, मी आहे, म्हणाली. युक्रेनीतून म्हणाली रे! खेड्यातली भाषा तिची. शहरात आली तेव्हा वर्गातली मुलं हसली, म्हणून टाकली होती तिनं. साठ वर्षांत माझ्या कानावर पडू दिली नाही.” डोळे पुसून ते म्हणाले, “आणि म्हणाली, तुझी क्रियापदं सगळी चुकतात.”

पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. आईला इकडे आणतो, म्हणून गेले. आई हलली नाही आणि मग तेही हलले नाहीत. शहरातली घरं उबदार ठेवणाऱ्या, बॉम्बनं फुटलेल्या गरम पाण्याच्या नळांवर त्यांना काम मिळालंय.

परवा शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे खिडकीला फळ्या ठोकलेल्या, म्हातारी शालीत गुरफटून शेजारी बसलेली. “परत कधी येताय?” मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिकडची वीज गेली. पडदा काळा झाला, पण फोन चालू होता. आई काहीतरी म्हणाली, ते काहीतरी म्हणाले. तिनं त्यांचं वाक्य सुधारलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा, सावकाश म्हटलं. मग दोघं हसले. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. फोन तुटेपर्यंत मी ऐकत राहिलो.