बत्तीस ओळी तोंडपाठ

आमच्या ह्यांना कंपनीने एका पत्राने पुन्हा ब्रह्मचारी केलं, तेव्हा आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि लेक आठ वर्षांची होती. आखातात हे असं व्हायचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात, शेजारचं युद्ध नुकतंच संपलेलं, कंपनीची कामं आटलेली. पत्रात लिहिलं होतं, 'फॅमिली स्टेटस' मार्चअखेर बंद, पुढे 'बॅचलर स्टेटस'. म्हणजे मनामातला दोन खोल्यांचा फ्लॅट कंपनी काढून घेणार, माझा आणि लेकीचा व्हिसा वाढणार नाही, आणि हे सलमाबादला वर्कशॉपच्या मागे, एका खोलीत सहा जण आणि बाथरूमला रांग, अशा कॅम्पात राहणार. नोकरी सोडून तिघांनी सांगलीला परतावं, तर तिथे ड्राफ्ट्समनला काम नव्हतं. तीन वर्षं चपला झिजवूनच तर हे बहारीनला आले होते.

एकच वाट होती. मला स्वतःची नोकरी लागली, कामाचा व्हिसा मिळाला, तर मी राहू शकत होते. मग लेकही राहिली असती. कुठेतरी एखादी खोली घेतली असती आणि हे कॅम्पातून निघून आमच्यात आले असते.

ही वाट दाखवली समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींनी. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे मियाँ सलमाबादलाच, गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात होते.

"ताई, आमच्या ह्यांच्या गोदामात कॉम्प्युटर आलाय गो. फडक्याखाली झाकून ठेवलाय. चालवणारी बाई हवी म्हणतात. तुला येतो ना?"

"येतो की," मी म्हणाले.

त्या तरुण बाईचे आज मला कान धरावेसे वाटतात. येतो की! आयुष्यात तिने कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता, तोही बँकेत, काचेपलीकडे, पाठमोरा.

परीक्षा तीन आठवड्यांनी ठरली. त्यांच्याच मशीनवर, डीबेस नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहून गोदामातल्या मालाची यादी काढून दाखवायची. भाषा म्हटल्यावर मला उगीचच धीर आला. भाषेत मी शाळेत कधी पहिला नंबर सोडला नव्हता. आता ही आणखी एक, एवढंच.

मनामाच्या एका गल्लीत शिंप्याच्या दुकानावर क्लास होता. खोलीत तीन मशीनं आणि शिकणारे नऊ जण. एकाने बसायचं, दोघांनी मागून मान लांब करायची. शिकवणारे सर केरळचे, बारीक, सतत घामेजलेले. त्यांनी फळ्यावर कपाट काढलं, कपाटात खण काढले, ही फाइल, हे रेकॉर्ड, असं जीव तोडून समजावलं. मी ऐकत नव्हते. मी उतरवून घेत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मालाच्या यादीचा बत्तीस ओळींचा नमुना प्रोग्राम फळ्यावर लिहिला आणि मला हायसं वाटलं. चला, परीक्षेचा पेपरच हातात आला. आता फक्त पाठ करायचा.

मी आयुष्यात सगळं असंच पास झाले होते. संस्कृत पाठ, इतिहास पाठ, भूमितीची प्रमेयंसुद्धा पाठ. त्रिकोणाला 'अबक'ऐवजी दुसरं नाव दिलं की माझं प्रमेय जागच्या जागी थिजायचं, पण बोर्डाने मेहरबानी करून नेमका 'अबक'च विचारला होता. गुण भरघोस मिळाले. हुशार मुलगी म्हणून पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांनीच घात केला, असं मला आता वाटतं.

सरांच्या ते लक्षात आलं होतं. "मॅडम, बाय हार्ट मत करो," ते म्हणाले. "मशीन को गलत बोलो, वो क्या जवाब देता है, देखो. फिर समझेगा."

मुद्दाम चूक करायची? आमच्या शाळेत चुकीला पट्टी होती. मी मान डोलावली आणि वही उघडून घोकायला लागले.

घरी मशीन नव्हतं. लॉन्ड्रीतून इस्त्री होऊन येणाऱ्या शर्टांत पुठ्ठा असतो, तसले तीन पुठ्ठे चिकटवून मी त्यांवर स्केचपेनने कीबोर्ड काढला. जेवणाच्या टेबलावर तो ठेवून मी बोटं आपटायची. लेक शेजारी गृहपाठ करत बसलेली असायची. मराठी तिला कळायची सगळी, पण उत्तर इंग्रजीत.

"आई, इट डझन्ट डू एनीथिंग."

"करेल. तू गणितं कर."

"इट्स कार्डबोर्ड!"

संध्याकाळी हे कामावरून आले की चहा घेऊन समोर बसायचे, वही हातात, बोट ओळीवर. लहान पोराचे पाढे म्हणवून घेतात, तसे.

"हं, सुरू कर."

"सेट टॉक ऑफ. क्लिअर. यूज स्टॉक."

"पुढे?"

"गो टॉप. डू व्हाइल..."

"पुढे अगं?"

"थांबा हो, येतंय!"

अडलं की मी पुन्हा पहिल्या ओळीपासून. ह्यांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण आठवड्याभरात ह्यांचंही पाठ झालं. दाढी करताना आरशाशी पुटपुटायचे. दोन पदवीधर माणसं, एक पुठ्ठा आणि बत्तीस ओळी. भाभी एकदा वाटीभर साखर मागायला आल्या, तर मी डोळे मिटून मागेपुढे झुलत होते.

"मदरशात आमची पोरां अशीच डोलतात गो," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यासमोर मौलवी तरी असतो. तुझ्यासमोर काय, पुठ्ठा!"

हसलो आम्ही. पण त्या हसण्याच्या खाली काय होतं, ते भाभींना माहीत होतं आणि मलाही. ह्यांनी वर्कशॉपमधून सामान भरायला रिकामी खोकी आणली होती. मी ती बाल्कनीत ढकलून वर चादर टाकली होती. लेकीने एकदा चादर उचलून पाहिली आणि विचारलं, "व्हेअर विल बाबा स्लीप?" मी म्हटलं, इथेच, आपल्यात. मला प्रोग्राम येतोय ना.

परीक्षेला भाभींचे मियाँच मला त्यांच्या पिकअपमधून घेऊन गेले. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची केबिन होती. परीक्षा घेणारी मुलगी बहारीनचीच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. पायघोळ काळा अबाया, जाड चष्मा, बोलणं इतकं हळू की मला स्वतःचा आवाज भांडखोर वाटायला लागला. तिने आधी चहा मागवला. "घाई नाही, मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली.

मी सुरू केलं. पहिल्या ओळीपासून बत्तिसाव्यापर्यंत एका दमात, एकही चूक नाही. खरं बटण पुठ्ठ्यापेक्षा मऊ लागत होतं. यादी पडद्यावर सरसर उतरली. फॅनबेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. "झेन. वेरी झेन." म्हणजे छान, फारच छान.

मी खुर्चीत मागे टेकले. त्या क्षणी माझ्या मनात खोकी परत वर्कशॉपला गेलीसुद्धा होती.

मग ती म्हणाली, "आता फक्त ते भाग दाखवा, जे दहापेक्षा कमी उरलेत. म्हणजे मागवायचे कुठले ते कळेल."

एवढंच. कुठलाही गोदामवाला हेच विचारील. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि बोटं आपोआप पहिल्या ओळीकडे गेली. सेट टॉक ऑफ. क्लिअर. यूज स्टॉक. बत्तीसच्या बत्तीस ओळी मी पुन्हा लिहिल्या. तीच यादी पुन्हा उतरली.

तिला वाटलं, मला तिचं इंग्रजी कळलं नाही. तिने आणखी हळू, आणखी सोपं करून सांगितलं. मग पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ काय करते?"

मी तोंडातल्या तोंडात पहिल्यापासून म्हणायला लागले, त्या ओळीपर्यंत पोचायला. सतरा साते विचारलं की ज्यांना सतरा एकेपासून निघावं लागतं, त्यांतली मी. पोचले. ओळ म्हटली. ती काय करते ते मला माहीत नव्हतं. बत्तिसांतल्या एकाही ओळीचं माहीत नव्हतं.

आणि तरी, बघा हं, मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. आशेने नाही. दुसरं काही येत नव्हतं म्हणून. अकराव्या-बाराव्या ओळीला तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"खलास, मॅडम," ती म्हणाली. "खलास." चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले आणि वही छातीशी धरून नुसती उभी राहिले. सरांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये, बारीक अक्षरात, एक ओळ लिहिली. सेट फिल्टर टू, आणि पुढे दहापेक्षा कमी.

"एक लाइन, मॅडम. बस."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

घरी ह्यांनी माझा चेहरा पाहिला. बाल्कनीतून खोकी आत आणली आणि भांडी कागदात गुंडाळायला बसले. पुठ्ठ्याचा कीबोर्ड त्यांनी काचेचे पेले फुटू नयेत म्हणून मध्ये घातला. मार्चच्या शेवटी लेक आणि मी विमानात बसलो. लेक संपूर्ण प्रवासात एकदाच बोलली. म्हणाली, बाबांना सोबत खेळायला पाच जण आहेत, राइट?

हे सात वर्षं कॅम्पात राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. शुक्रवारी फोन यायचा, लाइन खरखरायची आणि दोघंही एकमेकांना तब्येत विचारून फोन ठेवायचो.

आता माझी नात कॉम्प्युटरचंच शिकते. तिला मी त्या ओळी खड्या आवाजात म्हणून दाखवते आणि ती पोट धरून हसते. "आज्जी, हे गाणं आहे का?" मीही हसते. त्या शहाण्या बाईवर हसायला मला आवडतं. आता मी तेहतीस म्हणते. तिसऱ्यानंतर थांबून ती एक घालते आणि मगच पुढे जाते.

नातीला मी एवढंच सांगते. पुढचं नाही सांगत.

हे कायमचे परत आले, तेव्हा सांगलीच्या घरात चार खोल्या होत्या आणि माणसं तीन. तरी ह्यांचं ताट, पेला, साबण आणि टॉवेल पलंगाखालच्या बॅगेत असायचं. मी काढून जागेवर ठेवायची, हे पुन्हा बॅगेत ठेवायचे. आणि सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून, साबण हातात धरून, बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहायचे.

"आत कोणी नाहीये हो!" मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"हो का," म्हणायचे आणि आत जायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे.