रिकाम्या हौद्याचं वजन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. माझं शिक्षण आयटीआय, ट्रेड मोटर मेकॅनिक. गाडीतून आवाज आला तर बेअरिंग गेलंय, गाडी थरथरली तर माउंटिंग ढिलं झालंय... ह्याच्या पलीकडे मी कधी विचार केला नाही. बायको वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारते तेव्हा मी बाजूला उभा राहून टायरमधली हवा बघतो, असा माणूस. त्यामुळे खाली जे लिहितोय ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही.

मी दीपक, शहापूरजवळच्या सापगावचा. माझी पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली. शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांवरची भाजी उचलायची आणि कल्याणच्या मार्केटला पोचवायची, हे माझं काम. लग्नसराईत मागच्या हौद्यात वऱ्हाड पण नेतो. हे वऱ्हाडाचं लक्षात ठेवा, कारण माणसं गाडीत चढली-उतरली की मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कसे हलतात हे मला सीटवर बसल्या बसल्या कळतं. पोत्यांचं वजन एकदम पडतं. माणसं एकेक करून पडतात.

आता थोडं गाडीबद्दल, आणि इथे मला जरा मिरवू द्या. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी गाडी शहापूरच्या उस्मानचाचांकडे लावली. चाचा पाट्यांचं काम करतात, आमच्या भागात तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही. मागे दोन पाटे वाढवले, हेल्पर पाटे नवीन टाकले, चारी शॉकअप्स हेवी ड्युटी घेतले. सायलेन्सर बदलून मोठ्या पाइपचा बसवला. कानठळ्या बसवणारा नाही हां, जाड आवाजाचा, डोंगरात गेला की घुमत परत येतो. आणि सीटच्या मागे ॲम्प्लिफायर, वूफर, दरवाजात नवे स्पीकर. वायरिंग सगळं मी स्वतः केलं, एक जॉइंट उघडा नाही. पाटे बसवायच्या आधी ते पण मीच घासले आणि लाल ऑइलपेंट मारला. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गाडीभोवती एक चक्कर मारून बघितलं आणि विचारलं, काकड्या काय नाचत जानार का कल्यानला? चाळीतली पोरं हसली. पण सकाळच्या उन्हात ती गाडी अंगणात उभी होती ना... चहा प्यायला पण मी तिच्याकडे पाठ करून बसलो नाही.

चाचांनी एक गोष्ट मात्र बजावली होती. पाटे कडक झालेत, मागे माल नसेल तेव्हा गाडी उडणार, चिखलात मागची चाकं पकड घेणार नाहीत.

दुसऱ्याच दिवशी पहिली ट्रिप होती. किन्हवलीवरून मुरबाड, तिथून म्हसा, आणि पुढे सिद्धगडच्या पायथ्याला एक ठाकरवाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या हिराकाकींकडून मी चार वर्षं काकडी उचलतो. डांबरी रस्ता वरच्या अंगाने जातो आणि वाडी खाली खोलगटात. मध्ये एक ओढा, आणि ओढ्यापासून वर रस्त्यापर्यंत लाल मातीचा उभा चढ. लांबी फार नाही, पण गाडीची परीक्षा घेणारा. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मी पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं, दुपारचे अडीच वाजले असतील.

चढ उतरलो तर ओढ्याच्या अलीकडेच हिराकाकी उभ्या. बाजूला दगडावर त्यांची मुलगी वनिता बसलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर. काकींनी सांगितलं ते असं, की कळा सकाळपासून चालू आहेत आणि सुईण म्हणते मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या. फोनला रेंज नाही. वाडीतली गडीमाणसं वनहक्काच्या दाव्याच्या कामाला सकाळीच मुरबाडला कचेरीत गेलेली, मागे उरल्या बाया, पोरं आणि दोन म्हातारे. झोळीत घालून वर न्यायचं तर खांदे नाहीत. मग तुम्हाला कसं कळलं मी येतोय, असं मी विचारलं, तर काकी म्हणाल्या, पार वरच्या वळणावर असताना आवाज आला गाडीचा, तवाच पोरीला घेऊन निघाली.

सायलेन्सरचा आवाज. आप्पांना हे नंतर दोनदा सांगितलं.

दोघींना केबिनमध्ये घेतलं. वनिता मध्ये, काकी खिडकीशी. काकडीचे क्रेट वाडीत भरून तयार होते, पण ते आणून चढवायला अर्धा तास गेला असता, म्हणून तसाच रिकामा वळलो. ती माझी चूक. चढाच्या मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खाली घेतली, पुन्हा जोर केला, पुन्हा तिथेच. उतरून चाकांखाली दगड लावले, ते गोळीसारखे मागे उडाले. मग जे उचलता येतील ते मोठे दगड हौद्यात टाकले, सात-आठ असतील. तरी मागची बाजू हलकीच. प्रत्येक झटक्याला वनिता दात आवळून धरायची, ओरडायची नाही, आणि मला तेच जास्त लागत होतं. ज्या पाट्यांचं मी कौतुक करत होतो तेच आज नडत होते. घाम डोळ्यात जात होता. मनात आलं, ही पोर माझ्या हौसेपायी जाणार.

चौथ्यांदा गाडी ओढ्याशी घेऊन उभी केली. पहिला गिअर टाकला, क्लच अजून सोडला नव्हता. तेवढ्यात मागून गाडी बसली.

नीट सांगतो. आधी डाव्या बाजूने एक हिसका, मग उजव्या, मग मागच्या फळीकडून लागोपाठ दहा-बारा. प्रत्येक हिसक्याला गाडी जराशी खाली. वऱ्हाड चढतं तेव्हा अगदी अस्संच होतं. बॉनेट वर उचललं गेलं, समोरचा रस्ता काचेच्या खालच्या कडेशी गेला. मी आरशात बघितलं. हौदा रिकामा. केबिनच्या मागच्या काचेतून बघितलं. दगड होते तसेच पडलेले, बाकी काही नाही, मागे ओढ्यावर ऊन चमकतंय.

मला त्या वेळी भीती वाटली नाही, हे विचित्र वाटेल, पण नाही वाटली. वजन आलंय आणि चाक पकडणार एवढंच डोक्यात आलं. क्लच सोडला. गाडी त्या चिखलातून अशी चढली की मी आयुष्यात कुठली गाडी तशी चढवली नाही. इंजिनवर लोड आलेला मला स्पष्ट जाणवत होता, भरलेल्या गाडीचा लोड. पाटे करकरत होते. एकदाही चाक घसरलं नाही.

वर डांबरीवर आलो आणि दोन्हीकडून गाडी येत नाही ना ते बघायला ब्रेक दाबून उभा राहिलो. आणि मागची बाजू हळूहळू वर आली. एकेका हिसक्याने, आधी दहा-अकरा, मग थोडं थांबून दोन, मग शेवटचा एक... सावकाश, म्हातारं माणूस उतरतं तसा. हिराकाकी समोर बघत होत्या. वळून न बघता त्यांनी विचारलं,

"उतरली का रं सगली? चल मंग आता."

मी गाडी सोडली. मागे बघायची हिंमत म्हसा येईपर्यंत झाली नाही.

वाटेत कळा वाढल्या. वनिताने माझ्या बाहीला धरलं. "दादा, तो बाजा लाव ना. जोरात लाव. मना माजाच आवाज आयकवत नाय." लावला. कुठलं गाणं होतं सांगत नाही, हळदीतलं होतं एवढं सांगतो. वूफर सीटच्या मागून धडधडत होता, नवे शॉकअप्स खड्डे गिळत होते, आणि ती पोर डोळे मिटून गाण्याच्या ठोक्यावर श्वास घेत होती. मुरबाडच्या दवाखान्यात पोचलो. संध्याकाळी सहाच्या आत मुलगी झाली, दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उभा राहिलो. मला रडू आलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग हौदा बघितला. चिखल नाही, पाऊल नाही, माझे दगड तेवढे.

काकींना त्याच संध्याकाळी विचारलं, तुम्ही "उतरली का सगली" कुणाला म्हणालात? त्या उलट माझ्याकडेच बघायला लागल्या. "तू मानसं घेतली ना मागं जोर द्यायला? माज्या पाठीशी पाय वाजत व्हते." मी म्हटलं, काकी, वाडीत गडीमाणूस कुठे होतं? नंतर तो विषय निघाला की त्या चहा ठेवायला उठतात.

दोन दिवसांनी गाडी चेकिंगला चाचांकडे नेली, मधे दुसरी ट्रिप केली नव्हती. कुणाला काही सांगितलं नव्हतं. चाचा खाली शिरले आणि आतूनच विचारलं, पहिल्याच ट्रिपला एवढा माल कशाला भरला? मी म्हटलं, रिकामी होती. ते बाहेर आले आणि मला आत वाकून बघायला लावलं. हेल्पर पाट्यांची टोकं एरवी ब्रॅकेटपासून चार बोटं लांब असतात, टनाच्या आसपास वजन पडलं तरच टेकतात. दोन्ही बाजूंच्या टोकांवरचा माझा लाल पेंट घासला गेला होता, खाली लोखंड चकाकत होतं. सात-आठ दगडांनी हे होत नाही. चाचा म्हणाले, तुला सांगायचं नसेल तर नको सांगू. त्यांना आजही वाटतं मी चोरून रेती वाहिली.

मी मेकॅनिक आहे, म्हणून टेस्ट घेतली. पंधरवड्याने पुन्हा पाऊस झाला तेव्हा त्याच चढावर रिकामी गाडी घातली, तेवढेच दगड ठेवून. तीनदा प्रयत्न केला. नाही चढली, मध्यावरच चाकं फिरली. मग वाडीतल्या माणसांना बोलावलं, वनिताचा नवरा पण आला होता. एकेकाला हौद्यात चढवत गेलो आणि सीटवर बसून बघत राहिलो, बॉनेट त्या दिवशीएवढं कधी उचलतंय ते. चौदा माणसं झाली तेव्हा रस्ता काचेच्या त्याच कडेला आला. क्लच सोडला आणि गाडी सरळ वर गेली. माणसं खुशीत होती, त्यांना वाटलं मी गाडीचा जोर दाखवतोय. मीही तसंच म्हटलं.

वनिताच्या मुलीच्या बारशाला आप्पा माझ्यासोबत आले, पुढच्या सीटवर बसून, खिडकीत कोपर टेकवून. वाडीत शिरताना त्यांनीच मला हॉर्न मारायला लावला, आणि मग जो भेटेल त्याला पाटे, शॉकअप, सायलेन्सर काय काय आहे ते सांगत होते. निम्मी नावं चुकत होती. मी दुरुस्त केली नाहीत.

ह्या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही सांगितलं, पण पाट्यावर घासलेल्या पेंटचं कोडं त्यातल्या कशानेच सुटत नाही. किती जण चढले असतील याचा माझा अंदाज पक्का आहे, चौदाच्या आसपास. कोण, ते माहीत नाही.

काकडी उचलायला मी अजून जातो. भरलेली गाडी तो चढ चढून डांबरीवर आली की मी अर्धं मिनिट उभी करतो. सोबत कुणी असेल आणि विचारलं, तर सांगतो, इंजिन जरा थंड करतोय.