साडूभाऊंचा कोट

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बायकोही चारचौघांत मिस्त्रीच म्हणे आणि चिडली की 'अहो मिस्त्रीबुवा'. दारं, खिडक्या, कपाटं करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने बसवलेल्या सांध्यात नख शिरत नसे. पण तो कामाला होता त्या कारखान्यात आता तयार फळ्या खोक्यांतून येत. भुसा दाबून केलेल्या त्या फळ्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्क्रूने आवळायच्या आणि हसतमुखाने निघायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं. त्या फळीला रंधा चालत नाही. पाण्याचा थेंब पडला की ती ओल्या बिस्किटासारखी फुगते. तिला हात लावताना त्याला शिसारी येई.

एकदा फोनवर त्याने युरोपातलं एक वर्कशॉप पाहिलं. तिथे जुन्या घरांच्या खिडक्या सोडवून, कुजलेला तुकडा कापून, नवं लाकूड जोडत होते. तेव्हापासून त्याने एकच धोसरा धरला. तिकडे जायचं, लाकडातच काम करायचं आणि बायको-मुलीला बरोबर न्यायचं.

थोरल्या मेव्हणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, व्हिसाची कामं करून देई. तो काही वर्षं तिकडे राहून आला होता आणि तिकडची भाषा फाडफाड बोलत असे. चपलांच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. जिन्यात मुतारीचा वास आणि आत त्यावर मारलेला फुलांचा स्प्रे; दोन्ही मिळून तिसराच काहीतरी वास नाकात बसे. भिंतीवर परदेशी गेलेल्यांचे फोटो लावले होते. सगळ्यांच्या अंगात निळा कोट. कुणाला ढगळ, कुणाचं पोट आवळलेलं. मिस्त्रीने मापाच्या सवयीने पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कोट एकच आहे. तो दारामागे खुंटीला लटकत होता आणि त्याची कॉलर तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती.

"तीन दारं आहेत," साडू खुर्ची मागे झुकवत म्हणाला. "पहिलं डिग्रीवाल्यांचं. त्याच्याकडे आपण बघायचंसुद्धा नाही. दुसरं हंगामी कामाचं. फळं तोडायची आणि हंगाम संपला की परत. बायको-पोरगी इकडेच."

"ते नको. तिसरं?"

"कसबी कामगाराचं. तिकडच्या मालकाने नोकरी द्यायला हवी, तुझा अनुभव तिकडच्यांनी मानायला हवा, थोडी भाषा यायला हवी. मग बायको-मुलीला नेता येतं."

"मग तेच करा की, साडूभाऊ."

"करतोय. गॅरेजवाला एक तयार बसलाय. त्याला गाड्यांचा मेकॅनिक हवाय."

"अहो, मी सुतार आहे!"

"तुझ्या मालकाने अनुभवाच्या दाखल्यात काय लिहिलंय? मिस्त्री. गॅरेजात गाडीखाली झोपतो त्याला काय म्हणतात? मिस्त्रीच ना? मी भाषांतर केलंय फक्त. एका अक्षराचं खोटं नाही त्यात." साडू खदखदून हसला. त्याच्या दातांत कसलासा हिरवा कण अडकला होता. मिस्त्रीची नजर तिथून हलेना.

"आणि सुतार म्हणून?"

"जा की. मालक तू शोध, भाषेची परीक्षा तू दे, बस दारात ताटकळत. मला काय?"

घरी बायको म्हणाली, "मुलाखत तर द्या. भावजींना नाही म्हटलं तर ताईला घरात ऐकून घ्यावं लागेल." मुलीने तिकडे काय काय न्यायचं ते कधीच ठरवून टाकलं होतं. मिस्त्रीने मुलाखतीला होकार कळवला.

मुलाखत साडूच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर होती. साडूने दारामागचा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला. आत कितीतरी जणांचा घाम सुकला होता. कॉलर मानेला लागली तशी मिस्त्रीने मान पुढे काढली.

पडद्यावर गॅरेजचा मालक आला. टकला, शांत माणूस. त्याने काहीतरी विचारलं. साडू कॅमेऱ्याबाहेरून कुजबुजला, "गाडी चढावर दम टाकते आणि काळा धूर येतो. आधी काय बघशील, म्हणतोय. काहीही बोल, मी सांभाळतो."

"मला नाही माहीत."

"बोल रे! तोंड हललं पाहिजे."

मिस्त्री बोलू लागला. "दार फुगलं की लोक आधी कड तासतात. तसं करू नये. बिजागरी बघावी. चौकट खचली असेल तर दाराचा काही दोष नसतो..."

साडूने त्याचं घडाघडा भाषांतर केलं. मालक मान डोलावू लागला, दोनदा खूश होऊन हसला. आपल्या दाराचं तिकडे कुठलं इंजिन झालं, मिस्त्रीला कळेना. चिखलात हात घातल्यासारखं त्याला वाटलं.

"झालं तुझं काम!" साडूने त्याच्या मांडीवर थाप मारली.

मालकाने कॅमेरा फिरवला. वर उचललेली एक छोटी गाडी दिसली. तिच्या काचांवर मुलांनी कागदी फुलं चिकटवली होती. मालकाने चाकामागे बोट ठेवून एक शब्द उच्चारला. तो मिस्त्रीलाही कळला. ब्रेक.

"शाळेची गाडी आहे. पहिलं काम तुला हेच देणार म्हणतोय," साडू म्हणाला. "हो म्हण. हस जरा."

मिस्त्री हसला नाही. पडद्याजवळ तोंड नेऊन तो मोठ्याने म्हणाला, "कार्पेंटर." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा, "कार्पेंटर!" आणि टेबलावर दोन्ही हातांनी रंधा ओढून दाखवला.

त्याचं भाषांतर साडूला करता येईना. मालकाने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा आवाजाच्या दिशेने. त्याच्या तोंडावर किळस उमटली. ती साडूसाठी होती की आपल्यासाठी, मिस्त्रीला कळलं नाही. दोघांसाठीच असावी. पडदा काळा झाला.

"नाक कापलंस माझं!" साडू ओरडला. "मर आता त्या भुशाच्या फळ्यांत!"

मिस्त्रीने कोट खुंटीला अडकवला आणि चालू लागला. घरी येऊन त्याने मान साबणाने घासली, पुन्हा घासली. बायकोने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "भाषेची शिकवणी कुठे असते, ते विचारा उद्या."

पुढच्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर साडूने फोटो टाकला. निळा कोट, आत मिस्त्री, तोंड उघडं. दाराच्या बिजागरीबद्दल सांगतानाचा तो क्षण असावा. खाली लिहिलं होतं : 'आमच्या मिस्त्रींची परदेशी निवड! आता पुढचा नंबर तुमचा!' अभिनंदनांचा पाऊस पडत होता. एका भाच्याने तर साडूचा फोन नंबरही मागितला होता.

मिस्त्रीने फोन बायकोपुढे धरला. "काय लिहू यांना?"

"आणा इकडे," बायकोने फोन ओढून घेतला आणि सगळ्या ग्रुपच्या देखत लिहिलं :

'निवड झालेली नाही. यांनी खोटा मेकॅनिक व्हायला नकार दिला. आणि भावजी, पुढच्याच्या अंगात घालायच्या आधी तो कोट तेवढा धुऊन घ्या.'