छावणीतल्या सुया

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. करमाडच्या शाळेत शिकवायची आणि मुकुंदवाडीहून रोज पॅसेंजरनं जायची. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात, शिफ्टच्या ड्युटीवर. मुलगी दहा वर्षांची होती. घरात भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं. पाहुणे म्हणायचे, तुमचं बरं आहे.

जे बरं नव्हतं ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता. भूक मेली असं म्हणता येतं, झोप उडाली असं म्हणता येतं. पण नवऱ्याचा हात खांद्यावर आला की अंग लाकूड होतं आणि मनात काहीच हलत नाही, हे कसं म्हणायचं? लग्नानंतर कितीतरी वर्षं असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात माझ्या पोटातलं बाळ गेलं. मी शुद्धीवर आले तोवर सगळं आवरलं होतं. महिन्याभरानं शाळेत रुजू झाले. त्या विषयावर नंतर घरात कुणी बोललं नाही, आम्ही दोघंही नाही.

नवऱ्यानं कधी जबरदस्ती केली नाही. आधी तो थांबला, मग त्यानं विचारणं सोडलं. एक दिवस पाठ दुखते म्हणून त्यानं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा भरताना त्या सुटकेचीच लाज वाटली.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचा गुडघा सुयांनी बरा झाला होता. छावणीत, शहरातल्या लष्करी भागात, एक मुसलमान डॉक्टरीण सुया टोचून उपचार करतात, सगळे त्यांना आपा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मीही गुडघ्याचंच निमित्त केलं आणि एका शनिवारी दुपारी छावणीत उतरले.

बाजारामागच्या गल्लीत राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे दवाखाना. आपा साठीच्या असाव्यात. होमिओपॅथी शिकून झाल्यावर त्या मुंबईला जाऊन ही चिनी विद्या शिकल्या होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलंच नाही. जीभ दाखवायला सांगितली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून बराच वेळ नाडी बघितली. मग एकेक विचारत गेल्या. झोप कशी लागते, पाळी वेळेवर येते का, पाय गार पडतात का, कंबर भरून येते का.

"आणि घरवाल्यासोबत?" त्यांनी त्याच आवाजात विचारलं.

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं विचारलं नाही. उकळून घेतलेल्या बारीक सुया गुडघ्याखाली, घोट्याच्या आतल्या बाजूला, मनगटाजवळ टोचल्या. दुखलं नाही. टोचलेल्या जागी जड झाल्यासारखं वाटलं, एवढंच. पडदा ओढून त्या म्हणाल्या, "अर्धा घंटा पडून राहा. काही करायचं नाही."

काही न करता अर्धा तास पडून राहिल्याचं मला त्याआधी कधी आठवत नव्हतं. पहिल्या दोन शनिवारी मी घरच्या कामांची उजळणी करत राहिले. तिसऱ्या शनिवारी डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. हाताला सुया होत्या म्हणून पुसताही येईना. आपा आत आल्या, त्यांनी स्वतःच्या ओढणीनं माझे डोळे पुसले आणि स्टूल ओढून बसल्या. तेव्हा मी सगळं सांगितलं. बाळाचं आणि अंथरुणाचं.

त्यांना नवल वाटलं नाही. "बेटा, अशा बायका हफ्त्याला चार येतात. कुणी गुडघा घेऊन, कुणी डोकं घेऊन." मग त्यांनी समजावलं. चिनी वैद्य मानतात की इच्छेचं बळ गुर्द्यात, म्हणजे मूत्रपिंडात राहतं. बाळंतपणं, गर्भपात, अति कष्ट यांनी ते उतरतं. आणि दुःख दाबून ठेवलं की जिगरची, म्हणजे यकृताची वाट तुंबते. "हे त्यांचं म्हणणं. मी सुया लावीन, पण सुईनं प्यार पैदा होतं असं मी कुणाला सांगत नाही. तू रक्त तपासून आण. आणि पुढच्या बारीला मियाँला घेऊन ये."

रक्त कमी निघालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. नवऱ्याला सांगायला मात्र मला तीन आठवडे लागले. एका सकाळी तो चहा पीत असताना मी म्हणाले, "अहो, मी गुडघ्यासाठी छावणीला जात नाही." पुढचं सांगताना माझी नजर वर होत नव्हती. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मला वाटलं तुला माझाच कंटाळा आलाय." आणि थोड्या वेळानं, "शनिवारी मी येतो."

आपांनी त्याला माझ्याशेजारीच बसवलं. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बच्चा गेला तेव्हा हिच्याजवळ कोण होतं?"

"मीच होतो."

"मग तुमचं कुणी विचारलं का?"

त्यानं नाही अशी मान हलवली. त्याच्या हातात स्कूटरची किल्ली होती, ती तो उगाच फिरवत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरगी होती."

मला हे माहीत नव्हतं. विचारायचं धाडस मला कधी झालं नव्हतं, आणि मला सोसणार नाही म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

"दवाखान्यातून माझ्या हातात दिली," तो म्हणाला. "कपड्यात गुंडाळलेली. मी एकलाच घेऊन गेलो, आपल्या रानात. बांधाच्या कडंला ठेवली. त्या दिवशी तुझं लई रक्त गेलं होतं. तवापासून तुझ्या अंगाला हात लावायचा म्हणलं की मलाच भ्या वाटतं. परत तसं झालं तर."

आपा उठून आतल्या खोलीत गेल्या. दोन वर्षं मी समजत होते की तो माझ्यावर रुसलाय.

त्यानंतरच्या रविवारी मुलीला शेजाऱ्यांकडं ठेवून आम्ही करमाडच्या अलीकडं, त्याच्या वडिलोपार्जित रानात गेलो. तुरी काढून झाल्या होत्या. बांधाजवळ त्यानं तीन दगड दाखवले. मी तिथं खाली बसले. काय करायचं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बरोबर नेलेल्या बाटलीतलं पाणी मी त्या दगडांवर ओतलं. तो माझ्यामागं उभा होता, मग शेजारी येऊन बसला. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. अंग लाकूड झालं नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

सुया मी पुढं चार-पाच महिने घेतल्या. झोप सुधारली, पाय गार पडायचे थांबले. अंथरूण आत यायला मात्र वेळ लागला. त्याआधी आम्ही मुलं नकोत म्हणून काय करायचं ते डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, कारण त्याची भीती त्याशिवाय जाणार नव्हती. आपांनीच ते सुचवलं होतं. मग एका दुपारी, मी रजेवर, मुलगी शाळेत आणि त्याला सुट्टी असताना, मीच त्याचा हात धरला. कुणी मागितलं म्हणून नव्हे, मला धरावासा वाटला म्हणून. पंचविशीतली इच्छा परत आली नाही. आली ती सावकाश चालणारी. कधी महिनाभर नसायची, पण तेव्हा मी तसं सांगायची, आणि तो "बरं" म्हणून माझ्याशेजारीच झोपायचा.

सुयांनी किती केलं, गोळ्यांनी किती आणि त्या तीन दगडांनी किती, हे मी एकदा आपांना विचारलं. त्या दुसऱ्या एका बाईची नाडी बघत होत्या. "मला नाय माहीत बेटा," त्या म्हणाल्या, आणि मला स्टुलावर बसायची खूण केली.