मगदूमअण्णांची हुकमी ओळ

राजारामपुरीतल्या आमच्या जाहिरात एजन्सीत कोणी मजकूर लिहून आणला, की मगदूमअण्णा तो कागद हातात घ्यायचे, न वाचता पालथा घालायचे आणि विचारायचे, "ह्ये ऱ्हाऊ द्या, पावणं. वाचनार कोन हाय?" गिऱ्हाईक गोंधळायचं. आपण काय विकतो हे सांगायला आलेल्या माणसाला असा प्रश्न अपेक्षितच नसतो. मग अण्णा चष्मा कपाळावर सरकवून दुसरा प्रश्न टाकायचे, "तुमाला काय इकायचंय ते नगं. त्येला काय पायजे ते सांगा की."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे नोकरीला लागले, तेव्हा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. माणसाच्या इच्छा या विषयावर मला चांगले गुण पडले होते, त्यामुळे सातवी शिकलेल्या अण्णांना आपण चार गोष्टी शिकवू असा माझा समज होता. तो आठवडाभर टिकला. अण्णांनी मात्र माझी पदवी सोडली नाही. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ये बी.ए., हिकडं ये," एवढंच.

ते चंदगडच्या पलीकडचे, पार सीमेलगतचे. कपाळावर विभूती, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि आवाज असा की खालच्या दवाखान्यातले पेशंट वर बघायचे. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. बायको गौरव्वा, एकुलती एक मुलगी शैला. शैला आईला अव्वा म्हणायची, म्हणून गल्लीतली पोरंसोरंही त्यांना अव्वाच म्हणायची, आणि पुढे मीही.

एकदा एक क्लासवाले सर आले. त्यांनी लिहिलं होतं, अनुभवी शिक्षक, प्रशस्त वर्ग, वैयक्तिक लक्ष. अण्णांनी कागद पालथा घातला. "वाचनार कोन?"

"विद्यार्थी."

"इद्यार्थी कवा पेपर वाचतोय? त्येचा बा वाचतोय. आनि बाला पोरगं हुशार नगं असतंय, शेजाऱ्याच्या पोरापरास हुशार पायजे असतंय." दुसऱ्या दिवशी जाहिरात आली: 'शेजारचा मुलगा आमच्याकडे येतो. तुमचा?' जूनमध्ये सरांना दुसरी खोली भाड्याने घ्यावी लागली.

कसबा बावड्यात नवी घरं बांधणारे एक गृहस्थ सिमेंट, पाणी आणि प्लंबिंगची लांबलचक यादी घेऊन आले. अण्णांनी त्यांना शेवटी एकच ओळ दिली: 'दारावर तुमच्या नावाची पाटी आम्ही लावून देऊ.' मला नवल वाटलं. अण्णा म्हणाले, "भाड्याच्या खोलीत ऱ्हानाऱ्याच्या दारावर आयुष्यभर दुसऱ्याचं नाव असतंय, बी.ए. पोस्टमनला त्यो सांगतो, अमक्याच्या घरात मागल्या बाजूला. ह्याची त्येला लाज वाटती. मानूस पैलं लाजतो, मग मागतो. लाज कुटं हाय ते वळखलं की जाहिरात झाली." माझ्या पुस्तकांत हे इतक्या थोडक्यात कुठेच नव्हतं. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर गंमत असायची, पण माणसं अशी उघडी पडताना बघून मला कधीकधी त्यांची भीती वाटायची.

त्यांची सगळ्यात हुकमी ओळ मात्र विक्रीच्या जाहिरातीतली नव्हती. घरातून निघून गेलेल्यांसाठी आईबाप जाहिरात द्यायला यायचे, त्यातली ती. बहुतेक वेळा नापास झालेला किंवा बापाचा मार खाल्लेला मुलगा असायचा. बाप उंची, रंग, शर्टाची खूण सांगत बसायचा. अण्णा ते सगळं लिहून घ्यायचे आणि शेवटी घालायचे: 'कोणी रागावणार नाही. आई अंथरुणाला खिळली आहे.'

एका बापाने ओशाळून सांगितलं, "तिला कायबी झालं न्हाय वो. खाली रिक्षात बसलीया."

"बसू द्या की. पोरगं बासाठी येत न्हाय."

चौथ्या दिवशी ते पोरगं परत आलं. अंथरुणाला खिळलेली आई स्वतः जिना चढून पेढे घेऊन आली. असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. अण्णा हे किस्से घरी जेवताना रंगवून सांगायचे. शैला कॉलेजला जाताना त्यांचा डबा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "अप्पा, आज किती आया आजारी पाडल्यासा?" आम्ही सगळे हसायचो. तीही बापासारखीच होती. पेपर आला की छोट्या जाहिराती वाचल्याशिवाय तिचा चहा संपत नसे, आणि यातली अप्पांची कुठली हे ती बरोबर सांगायची.

शैलाने पुढे परजातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं. अण्णांनी खूप आरडाओरडा केला, आणि शेवटी हळू आवाजात म्हणाले, "गेलीस तर ह्या दारात परत पाय ठिवू नगंस." ती गेली. पुण्यात आहे एवढंच कळलं. पत्ता तिने कोणाजवळच ठेवला नाही, मैत्रिणींजवळसुद्धा नाही. अण्णा कामावर येत राहिले, पण डबा आता ते स्वतःच आणायचे.

दोन वर्षांनी अव्वांची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले आणि घरी न्यायला सांगितलं. मी रोज संध्याकाळी जायचे. अव्वांनी खाट दाराकडे तोंड करून लावून घेतली होती. दुसरं काही मागतच नव्हत्या. "शैलीला बोलवा. यकदा बघू द्या," एवढंच.

बोलावणार कसं? मार्ग एकच होता. शैला जिथे असेल तिथे छोट्या जाहिराती वाचत असणार. एका दुपारी अण्णा मजकूर लिहायला बसले. दोन मिनिटांत जाहिरात करणाऱ्या माणसाने त्या दिवशी सहा कागद फाडले. सातवा माझ्याकडे सरकवला: 'शै., असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही. आई अंथरुणाला खिळली आहे. तुझे वडील.'

मी वाचला आणि म्हटलं, "अण्णा, ती आई कधी म्हणत नाही. अव्वा लिहू या ना. आणि खाली अप्पा."

"आनि घराचा नंबर बी टाकू काय?" ते चिडले. "शै. आनि अव्वा एका जागी दिसलं, की सगळ्या गल्लीला कळंल मगदुमाची पोरगी पळून गेलीया."

"गल्लीला माहीत आहे, अण्णा."

"ठावं असनं येगळं, आनि छापून येनं येगळं." मग जरा नरमून म्हणाले, "तू काळजी करू नगं. ही ओळ आजपतुर कवा फुकट गेली न्हाय."

आयुष्यभर दुसऱ्यांची लाज हेरणाऱ्या माणसाला स्वतःची दिसत नव्हती. मला दिसत होती, आणि तरीही मी गप्प बसले. मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि पुण्याच्या आवृत्तीसाठी पाठवून दिला. एवढं एक काम मी त्या दिवशी अडवायला हवं होतं.

जाहिरात तीन दिवस आली. अण्णा पुण्याची प्रत्येक एसटी यायच्या वेळी स्टँडवर जाऊन उभे राहायचे. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. अव्वा दाराकडे बघत राहिल्या. अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला, अव्वा गेल्या. अण्णा घरीच होते, मी टेबलाशी. निधनाची बातमी मलाच लिहावी लागली. मी पूर्ण नाव लिहिलं, गौरव्वा मगदूम, आणि गल्लीही, पुण्याच्या आवृत्तीतसुद्धा.

ती बातमी वाचून शैला आली, तेव्हा माती देऊन एक दिवस उलटला होता. हातातल्या पिशवीसकट ती भिंतीशी बसली. अण्णा समोर होते, मी आतल्या दाराशी. मग तीच म्हणाली, "तिन्ही दिवस वाचली मी, अप्पा. पयल्या दिवशी पिशवी भरून स्टँडवर गेलते."

"मग?" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच मला ऐकू येईनासा झाला होता.

"मग वाटलं, ही तर तुमची ओळ. मला बी गिऱ्हाईक केलासा. अव्वा चांगली असंल, खुळ्यासारखी कशाला जाऊ, म्हनून माघारी फिरले." तिला रडू आवरेना. "नुसतं अव्वा लिवला असतासा तर मी चालत आले असते की वो."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं सांगितलंतं. मी ऐकलं न्हाय." माझ्यावर त्यांनी कुठलाही ठपका ठेवला नाही, आणि त्यामुळेच मला तिथे उभं राहवेना.

शैलाने डोळे पुसले. "शेवटाला काय म्हनली?"

जाण्याच्या आदल्याच संध्याकाळी अव्वा मला काय म्हणाल्या होत्या ते मला ठाऊक होतं. "तिला न्हाय यायचं. नगा बोलवू आता," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हनली, शैली वाटंला लागलीया. यील ती. असं म्हनत म्हनत झोपली."

शैला त्यांच्याकडे बघत राहिली. ह्या माणसाला कोणाला काय ऐकायचं असतं ते नेमकं कळतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? म्हणून तिने त्यांना काहीच विचारलं नाही. मान वळवून मला विचारलं, "ताई, खरं?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर अण्णा नऊ वर्षं जगले. शैला वर्षातून दोनदा यायची, त्यांची औषधं भरून द्यायची, जायची. अव्वांच्या शेवटच्या शब्दांबद्दल मी अण्णांना एकदाही छेडलं नाही. त्या शेवटच्या दुपारी अव्वांनी खरंच मन बदललं असेल, असंही मला कधीकधी वाटायचं. वाटून घ्यायला बरं वाटायचं, एवढंच.

अण्णांना माती देऊन परतल्यावर शैला मला बाजूला घेऊन गेली. तिचे केस पिकायला लागले होते. म्हणाली, "आता अप्पा न्हाईत. आता खरं सांगा ताई. अव्वा गेली तवा तुम्ही तिथं हुता न्हवं? तुमच्या कानानं ऐकलासा न्हवं?"

नऊ वर्षं तिने हा प्रश्न सांभाळून ठेवला होता. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो शैला. मी तिथेच होते."