पडेगाव: पेटी आतून मोजावी

वेरूळला जाणारी माणसं पडेगाववरून जातात, पण तिथे उतरत नाहीत. मी उतरायलाच गेले होते. नाशिकला माझ्या प्लॉटवर मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. त्या बनवणाऱ्या पडेगावच्या सुनंदाचा फोन आला, "ताई, ह्यांनी पेट्या जोडायचा साचा केलाय. या बघायला." सुतारकामाची मला हौस आहे, हात मात्र बेताचा. रजा टाकली आणि निघाले.

सकाळची एसटी धरावी. येवला, वैजापूर करत दुपारी शहरात पोचते. वैजापूरला चहा बरा, वडा थंड. बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "वेरूळ जाना है?" पडेगाव म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला, "वहाँ क्या देखना?" छावणीतून रस्ता सरळ आहे. भाडं बसण्याआधी ठरवा, नंतर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

सुनंदाचं काम घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांचं लाकूड ती भंगारवाल्याकडून घेते. हलकं, स्वस्त, पण एक फळी जाड, दुसरी पातळ. तिचा नवरा राजू शेंद्र्याला कारखान्यात आहे. साचा त्याचाच. जाड प्लायवर चारी बाजूंनी पट्ट्या, मध्ये चार फळ्या उभ्या करायच्या, खटका दाबला की फळ्या बाहेरून आवळल्या जातात. कोपरे आपोआप काटकोनात. मग फक्त स्क्रू. पूर्वी एका पेटीला अर्धी सकाळ जायची, आता चहा उकळेपर्यंत पेटी उभी. मी मनापासून वाहवा केली, फोटोही काढले.

साच्याची घाई भानुदासमामा या गिऱ्हाइकासाठी होती. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. मामा टेम्पोत पेट्या घालून फुलोऱ्यामागे फिरतात. जालन्याकडे बियाण्याचा कांदा फुलायला आला होता. त्यांच्या जुन्या पेट्यांत माश्या मावेनाशा झाल्या होत्या. निम्म्या नव्या पेटीत हलवल्या नाहीत, तर राणी निम्मं घर घेऊन उडून जाते. सुनंदाने रविवारचा शब्द दिला होता. तिचं हे पहिलंच मोठं काम.

शनिवारी संध्याकाळी शहरात जाऊन नान आणि मटणाचा खलिया खाल्ला. लवकर जा, उशिरा गेलात तर नुसता रस्सा मिळतो.

रविवारी सकाळी मामा टेम्पो घेऊन आले. हातात एक चौकट होती. माश्या पोळं बांधतात ती.

"लई देखण्या झाल्या गं," म्हणत त्यांनी ती पहिल्या पेटीत टांगली. अडकली. दुसरीत टांगली, तर एका बाजूने निसटून तळाला गेली. तिसरीत पुन्हा अडकली.

"मामा, समद्या एका मापाच्या हायेत," राजू म्हणाला. त्याने टेप लावला. खरंच होत्या. बाहेरून.

सुनंदाचा चेहरा उतरला. "बाहेरून हायेत. माशी काय बाहेर राहती व्हय?"

राजूच्या कारखान्यात प्रत्येक पत्रा सारख्या जाडीचा येतो, तिथे बाहेरून धरलेलं चालतं. इथे जाड फळीने आतली जागा खाल्ली होती, पातळ फळीने वाढवली होती. काल वाहवा करताना हे मलाही सुचलं नव्हतं.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांच्या पेट्या शेंद्र्याजवळच्या शेतात होत्या. मामी इतक्या जोरात बोलत होत्या की आम्हाला सगळं ऐकू आलं. "मोठ्या पेटीतल्या उठल्या! चिंचेच्या शेंड्याला बसल्यात, हात पुरंना." थोड्या वेळाने पुन्हा फोन. "गेल्या."

मामा टेम्पोच्या फाळक्यावर टेकले. ओरडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

"गेल्या त्या गेल्या," म्हणाले. "ऱ्हायल्यात त्यांचं बघा."

राजूने पट्ट्या उखडल्या. प्लायच्या मधोमध आतल्या मापाचा ठोकळा बसवला, फळ्या त्याला बाहेरून दाबल्या. आता जाडी काय वाढायची ती बाहेर वाढू दे. सगळ्या पेट्या खोलून पुन्हा जोडल्या. मी स्क्रू पुरवले, एकदा बोटही चेपून घेतलं. बाहेरून पेट्या ओबडधोबड झाल्या; कुठे फळीचं टोक पुढे, कुठे आत. चौकट मात्र प्रत्येकीत अलगद बसली. मधे सुनंदाने भाकरी, ठेचा आणि पिठलं वाढलं. दिवेलागणीला टेम्पो भरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी परतले. देवगिरीचा किल्ला राहिला. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. घरी मीही ठोकळ्याचा साचा केला. थोडा तिरका आहे, पण पेटी होते. सांगण्याजोगं शिकले ते एवढंच: जे आत ठेवायचंय, त्याचं माप आधी घ्या.

नंतर सुनंदाला फोन केला. पेट्या कांद्याच्या फुलोऱ्यात पोचल्या होत्या, मामांनी आणखी मागितल्या होत्या.

"आणि चिंचेवरच्या?" मी विचारलं.

"त्या कशाच्या येतेत, ताई. पण ह्यांनी एक नवी पेटी चिंचेला बांधून ठेवलीय. मामा नको म्हणत होते, हे ऐकंनात. रोज ड्यूटीवरून येताना गाडी थांबवतेत, वर चढून आत बघतेत, मग घरी येतेत. मी बी काय इचारत नाय."